दंडोबाचा मुरूम की कृष्णेची मळी? जाड टायरची सायकल घेतलेल्यांसाठी

"सायकल घेतली, आता डांबर सोडून कुठं जायचं?" पावसाळा सरत आला की सांगली-मिरजेत असं विचारणारे दोघं-तिघं तरी भेटतातच. उत्तरं दोन. एक, हरिपूर-अंकलीच्या अंगानं कृष्णेच्या मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या काळ्या रानातल्या, वाटा. दुसरं, दंडोबाचा डोंगर. दोन्हीकडं मी पडलोय, त्यामुळं थोडं बोलायला हरकत नसावी.

नवख्याला सगळे मळीच सुचवतात. मीही दोन वर्षं तेच सांगत होतो. घरापासून दहा मिनिटांवर, चढ नाही, पडलं तर मातीत. दंडोबाला जायचं म्हणजे आधी पंढरपूर रस्त्यानं ट्रकांचा वारा खात भोशाच्या बाजूला (जुन्या वडासाठी २०२० साली महामार्गाची आखणी बदलायला लावली, तेच हे भोसे), मग चढ, आणि पडलं तर दगडावर. सांगलीहून निघालात तर अख्खी सकाळ जाते. एवढ्यावर ठरवायचं असेल तर पुढं वाचायची गरज नाही.

पण सायकल वाटेवर चालत नाही, वाटेच्या वरच्या दोन बोटं थरावर चालते. आणि तिथं या दोन जागा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तसं बघितलं तर दोन्ही एकाच काळ्या पाषाणाची लेकरं. तो अर्धवट कुजला की मुरूम होतो आणि डोंगरावरच राहतो. पुरता कुजला की काळी माती होते आणि वाहत येऊन नदीकाठी बसते. एक पाणी पिऊन सोडून देतो, दुसरी पिऊन फुगते.

आधी दंडोबा. तिथला धोका म्हणजे घट्ट बसलेल्या मुरमावरचा सुट्या खड्यांचा पातळ थर. घरात फरशीवर मूठभर ज्वारी सांडा आणि चपला घालून त्यावरून पटकन वळून बघा, तस्संच. सरळ जाताना काही वाटत नाही. उतारावर वळण आलं आणि त्या वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक आडवं सरकतं आणि आपण कोपरावर. माझ्या डाव्या कोपरात त्यातला एक खडा अजून आहे. डॉक्टर म्हणाले, त्रास देत नाही तर असू दे. तेव्हापासून वेग काय कमी करायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असतानाच करतो आणि वळणात दोन्ही ब्रेक सोडतो. इतकं जमलं की निम्मा दंडोबा जमला.

उरलेल्या निम्म्यात ओघळी. परतीचा पाऊस या पूर्व भागात आला की दणकून येतो आणि वाटेला आडवी चिरून जातो. मागच्या रविवारची वाट या रविवारी तीच असेल असं धरून चालू नका. पहिली उतरण पायी बघून यावी. दिवाळीच्या आसपास कुसळी गवत वाळून वाटेवर लोळतं आणि त्याखाली नारळाएवढे दगड झाकतं. मोज्यात कुसळं घुसतात ती वेगळीच. आणि काटे. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी, सराटा टायरला चिकटून येतो आणि घरी पोचल्यावर ट्यूब बसलेली सापडते. वनखात्याची हद्द आहे, तेव्हा मळलेली वाट सोडून चरांमधनं आणि लावलेल्या रोपांमधनं सायकल घालायची नाही, हे सांगायला नको.

आता मळी. हिचं रूप ऋतूगणिक बदलतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओल्या वाटेवर खोल चाकोऱ्या पाडतात आणि त्या तशाच वाळून सिमेंटसारख्या होतात. चाकोरीत गेलेलं चाक चाकोरी संपल्याशिवाय बाहेर येत नाही. तिरकं काढायला गेलात तर सायकल आत राहते, आपण बाहेर. वर पाचट पसरलेलं असलं तर चाकोरी दिसतही नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन उलते. वाटेला आडवी भेग असेल तर नुसता दणका बसतो, वाटेच्या बाजूनं लांबत गेलेली असेल तर पुढचा टायर अलगद गिळते. "पडलं तर मऊ मातीत" म्हणणारे उन्हाळ्यात कधी पडलेले नसावेत. शिवाय नदी. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एवढं नसलं तरी पाणी पात्राबाहेर पडून ओसरलं की वाटेवर गाळाची साय राहते. वरनं टणक, आत खीर.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. चाकोरी टाळता येते, भेगा बघून जाता येतं. मला मळीपासून तोडलं ते काळ्या मातीच्या चिकटण्यानं.

सप्टेंबरातली सकाळ होती. पाऊस उघडून चार दिवस झालेले, वाट वरनं करडी, कोरडी दिसत होती. हरिपूरच्या पुढं पाव-अर्धा किलोमीटर आत गेलो असेन, वरचा पापुद्रा फुटला आणि चाकानं खालची ओली माती उचलायला सुरुवात केली. ही माती टायरला लागते, तिच्यावर दुसरी लागते, त्यात गवत आणि पाचट गुंफलं जातं, आणि बघता बघता टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्या मधली जागा लिंपून बंद होते. चाक फिरायचं थांबतं. काडीनं कोरून काढलं, वीस पावलं ढकलली, पुन्हा बंद. एकदा चिडून पेडलवर जोर दिला आणि मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) तो पाचट-मातीचा दोर अडकून हँगर, म्हणजे डिरेलर जिच्यावर बसतो ती पट्टी, वाकला. मग सायकल खांद्यावर. चिखलानं ती दीडपट जड झालेली, माझ्या बुटांना किलो-किलोचे तळवे लागलेले. बांधावर बसलेले एक आजोबा मशेरी लावत शांतपणे म्हणाले, "काय पावणं, आज सायकल तुमच्यावर बसली व्हय?" मग माझी दया येऊन म्हणाले, "वरनं वाळलंय ओ. आत वलंच हाय अजून आठ दिस."

आजोबांना बघून कळलं, मला चार दिवस वाट बघूनही कळलं नव्हतं. माझी अडचण हीच. दंडोबावर मुरूम धोक्याचा आहे, पण तो धोका पुढं पसरलेला दिसतो. वेग कमी करणं माझ्या हातात असतं. मळीत वाट कोरडी आहे की नाही हे आत शिरल्यावरच समजतं आणि तोवर परतही तीच माती तुडवायची असते. मापाचा हँगर सांगलीत मिळेना, आठ दिवस सायकल भिंतीला टेकून होती. आधीच्या आठवड्यात भर पावसानंतर दुसऱ्याच दिवशी दंडोबाला गेलो होतो आणि टायरवर लाल-करड्या पाण्याचे नुसते शिंतोडे होते, घरी येऊन बादलीभर पाण्यात काम झालं. मळीतनं आल्यावर मोरी तुंबली आणि त्यावरून घरात जे ऐकलं ते इथं नको.

अर्थात हे माझं झालं. डिसेंबर ते फेब्रुवारी मळीची वाट खरोखर सुंदर असते. माती दबून गुळगुळीत झालेली, नदीवर धुकं, दोन्हीकडं ऊस. ट्रॅक्टर जिथं फिरत नाहीत अशी पायवाट ठाऊक असेल, बरोबर दहा-बारा वर्षांचं पोर असेल, तर मीही तिथंच जाईन. उतारावर ब्रेकची भीती बसलेल्याला आधी मळीत चार सकाळी काढू द्याव्यात असं आमच्यातले दोघं म्हणतात, त्यांचंही चूक म्हणवत नाही. टायर फारच जाड आणि फोर्कमध्ये भरपूर जागा असलेली सायकल असेल तर कदाचित चिखलाचा जाच कमी होईल. माझ्या सायकलला ती जागा जेमतेम बोटभर आहे.

पण जून ते नोव्हेंबर मला कुणी विचारलं तर मी भोशाकडं बोट दाखवतो. पहिल्या खेपेला माथ्यापर्यंत जायचा हट्ट नको. खालच्या उतारावरच ज्वारीवरची वळणं दहा-वीस वेळा घ्या, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, कोपराला पॅड बांधा. आणि ट्यूबलेस नसेल तर जादा ट्यूब एक नाही, दोन न्या. सराटे एकटे येत नाहीत.