विल्फ्रेड ओवेन असोसिएशनची मेंबरशिप, आणि श्रूजबरीतलं माहीम

लेकीला जीसीएसईला (म्हणजे इथली दहावी-अकरावीची परीक्षा) विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर' नावाची कविता होती. बर्फात खंदकात पडलेले सैनिक, गोळीपेक्षा थंडीच जास्त मारतेय, आणि मधेमधे एकच ओळ की पण घडत काहीच नाही. मी पोळ्या लाटत असताना ही बाई ओट्याशेजारी उभी राहून मोठमोठ्यानं म्हणायची, त्यामुळे तिच्याआधी मलाच पाठ झाली. मग मी त्या कवीचं बाकीचं वाचायला घेतलं आणि अडकले. नवऱ्यानं ते बघितलं आणि माझ्या वाढदिवसाला साडी नाही, परफ्यूम नाही, थेट विल्फ्रेड ओवेन असोसिएशनची मेंबरशिप दिली. खरं सांगते, पहिल्यांदा डोकंच फिरलं. कारण साहित्यिक मंडळाचं मेंबर होण्याचा आमचा पूर्वानुभव चांगला नाही, भारतात असताना तिकडच्या एका मंडळाची आजीव वर्गणी भरली होती (नाव घेत नाही, लोक भले आहेत), त्यांचं त्रैमासिक तीन वर्षांत एकदा आलं, तेही शेजारच्या बिल्डिंगमध्ये.

तर हा रिव्ह्यू त्या मेंबरशिपचा. वर्ष झालं, आता बोलायला हरकत नाही.

ओवेन कोण ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जन्म १८ मार्च १८९३, ऑस्वेस्ट्री, श्रॉपशर, म्हणजे वेल्सच्या हद्दीला टेकलेलं गाव. वडील रेल्वेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ला सैन्यात गेला, १९१७च्या जानेवारीत फ्रान्समध्ये आघाडीवर, काही महिन्यांत शेलशॉक (तोफगोळ्यांच्या माऱ्यानं मन कोलमडणं) होऊन एडिनबराच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात. तिथे त्याला सिगफ्रीड ससून भेटला, आधीच नाव असलेला कवी, आणि त्यानं या पोराला धरून बसवून लिहितं केलं. पुढच्या साधारण वर्षभरात जे लिहिलं त्यावर आज हा माणूस उभा आहे. मग परत फ्रान्स, ऑक्टोबर १९१८च्या लढाईसाठी मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक, आणि ४ नोव्हेंबर १९१८ला ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना गेला. वय २५. युद्ध संपायला बरोबर एक आठवडा बाकी. जिवंतपणी छापून आलेल्या कविता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पुस्तक आलं ते १९२०ला.

असोसिएशन १९८९पासून आहे. काम म्हणाल तर जर्नल काढतात, व्याख्यानं, वाचनं, ओवेनच्या जागांवर फेऱ्या, आणि कवींना एक पुरस्कार देतात जो शेमस हीनी आणि हॅरल्ड पिंटर या दोघा नोबेलवाल्यांनाही मिळालाय. म्हणजे हौशी मंडळ म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही. पण स्वभाव मात्र हौशी मंडळाचाच आहे, चांगल्या अर्थानं. अंगावर शाल टाकून दीपप्रज्वलन वगैरे नाही, माणसं कवितेवर बोलतात.

जर्नल पोस्टानं येतं. मला वाटलं होतं प्राध्यापकी असणार, तळटीपा आणि तळटीपांच्या तळटीपा. तसलंही असतं थोडं, पण बाकी मजकूर अगदी जमिनीवरचा असतो, म्हणजे तो कुठल्या घरात राहिला, कुठल्या पलटणीबरोबर कुठून चालत कुठे गेला, एखाद्या ओळीचा खर्डा आधी कसा होता. मला हे आवडतं. आपल्याकडे कवी गेला की तो लगेच ढगात जाऊन बसतो, त्याचं भाडं किती होतं, भावंडांशी पटायचं का, हे विचारणं म्हणजे जणू पाप. (मालगुंडचं केशवसुत स्मारक याला अपवाद, तिथे कोमसापनं (कोकण मराठी साहित्य परिषदेनं) कवीचं घर जपलंय आणि ते बघताना मला असंच वाटलं होतं की अच्छा, या पडवीत माणूस बसत असेल.)

आता मुख्य गोष्ट. एका अंकात ओवेनच्या पत्रांबद्दल वाचत होते, आईला त्यानं शेकडो पत्रं लिहिलीत, आणि घरचा पत्ता होता: माहीम, मंकमूर रोड, श्रूजबरी.

माहीम!

मी मुंबईच्या माहीमची. जन्म तिथला, शाळा तिथली, अजून आईबाबा तिथेच. मी तीन वेळा वाचलं. ओवेन कुटुंब १९१०पासून ज्या घरात राहायचं त्या घराचं नावच माहीम. रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून दाखवलं तर म्हणाला, "अगं झोप, उद्या बघू." पण पुढच्या शनिवारची तिकिटं त्यानंच काढली.

आम्ही राहतो वुल्व्हरहॅम्प्टनला, तिथून श्रूजबरी पाऊण तासावर. सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, त्यांनाही घेतलं. पहिली गाडी रद्द, दुसरीत उभं राहून गेलो, स्टेशनाजवळ एके ठिकाणी चहा घेतला तो गरम पाण्यात टी बॅगचा फोटो दाखवल्यासारखा होता, याचे मार्क मी ओवेनच्या खात्यात कापणार नाही. इंग्लिश ब्रिजवरून सेव्हर्न नदी ओलांडली की समोरच ॲबी. लाल दगडाचं जुनं देऊळ म्हणा ना. तिच्या आवारात ओवेनचं स्मारक आहे, असोसिएशननंच उभं केलेलं, १९९३चं, म्हणजे त्याच्या जन्मशताब्दीचं. शिल्पकार पॉल डी माँशो, नाव 'सिमेट्री', म्हणजे सममिती, स्मशान नव्हे. पुतळा शोधत गेलात तर फसाल, पुतळा ऑस्वेस्ट्रीच्या बागेत आहे. इथे दगडाचं बुटकं, बाकासारखं काम आहे आणि त्यावर 'स्ट्रेंज मीटिंग' कवितेतली ओळ कोरलीय, तू मारलास तो शत्रू मीच आहे रे मित्रा, अशा अर्थाची.

सासूबाईंनी विचारलं काय लिहिलंय. सांगितलं. एक सैनिक स्वप्नात खोल भुयारात उतरतो, तिथे त्याला एक जण भेटतो, आणि बोलता बोलता कळतं की काल यानंच त्याला भोसकलंय. त्या जरा वेळ दगडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हा दुसरा जर्मन का?" हो म्हटलं. "आणि तरी मित्रा म्हणतो?" हो. "हं." एवढंच. पण मग जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

लेक तोवर फॉर्मात आली होती. या कवितेतली यमकं तिला शाळेत शिकवली होती आणि मला पहिल्यांदा नीट कळली ती तिच्यामुळे. ओवेन पुरतं यमक जुळवत नाही. व्यंजनं तीच ठेवतो आणि मधला स्वर बदलतो, हॉल आणि हेल, ग्रोइन्ड आणि ग्रोन्ड. ती म्हणाली, "आई, मराठीत कसं होईल गं?" आणि मग आम्ही दोघी ॲबीच्या आवारात उभ्या राहून माती–मती, रात–रीत, काळ–कळ असं करत बसलो. करून बघा. कान यमकाची वाट बघत असतो आणि पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती अर्ध्या इंचानं खाली असावी तसं होतं. मेलेल्या माणसांच्या गप्पा गोड यमकात कशा येतील, हे त्या चोविशी-पंचविशीच्या पोराला बरोबर कळलं होतं.

ॲबीच्या आत महायुद्धात गेलेल्यांच्या नावांची पाटी आहे, त्यात ओवेनचंही नाव. इतरांसारखंच, इतरांच्याच अक्षरात. तिथे नवरा गप्प झाला. त्याच्या गावात चावडीपाशी एक संगमरवरी पाटी आहे, साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत आहे तशी, की या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत. नाव एकाचंही नाही. लहानपणी त्या पाटीवर हे लोक क्रिकेटचा स्टंप म्हणून खडूच्या रेघा ओढायचे. "आमच्याकडचे कोण गेले ते आमच्या आजोबांनाही सांगता यायचं नाही," म्हणाला. ओवेनवर कोणी रागवावं असं यात काही नाही. उलट नावं लिहून ठेवणारी चार माणसं प्रत्येक गावात लागतात, एवढंच मला तेव्हा वाटलं, आणि वर्गणी कुठे जाते तेही कळलं.

मग मंकमूर रोड. ॲबीपासून चालत जाता येतं. साधं, विटांचं, आपल्या भाषेत रो हाऊसच्या जातीचं घर, आज तिथे दुसरं कुटुंब राहतं, त्यामुळे बेल वाजवून आत डोकावण्याचा प्रश्नच नाही. पण बाहेर फुटपाथवर उभं राहूनही जे आठवतं ते पुरेसं आहे. ११ नोव्हेंबर १९१८, युद्ध संपलं म्हणून गावात घंटा वाजतायत, आणि त्या घंटा वाजत असतानाच ओवेनच्या आईवडिलांना तार मिळाली. पोरगा आठवड्यापूर्वीच गेलाय.

हे मी सांगितलं तेव्हा सासूबाई रस्त्यातच थांबल्या. "आई गं. म्हणजे आठवडाभर ती त्याच्या पत्राची वाट बघत असणार." आणि खरंच तसंच. ३१ ऑक्टोबरचं शेवटचं पत्र आहे, ऑर्सजवळच्या वनरक्षकाच्या घरातल्या धुरकट तळघरातून लिहिलेलं, त्यात तो आईला सांगतोय की इथे काही धोका नाही, आणि आजूबाजूची माणसं काय सुरेख आहेत. ते घर आता पांढरंशुभ्र रंगवून स्मारक केलंय, २०११ला खुलं झालं.

परत येताना गाडीत मी सासूबाईंना टागोरांचं सांगितलं. शेवटचं घरून निघताना ओवेननं आईला गीतांजलीतल्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या, इथून जाईन तेव्हा माझा निरोपाचा शब्द हाच असू दे, की जे पाहिलं त्याला तोड नाही, अशा काहीशा. तो गेल्यावर त्याची खिशातली वही घरी आली, तिच्यात त्याच ओळी त्याच्या अक्षरात, खाली टागोरांचं नाव. १९२०मध्ये आईनं टागोरांना पत्र लिहून हे कळवलं. माहीम नावाच्या घरातल्या बाईनं, बरं का.

असो. आता रिव्ह्यूसारखा रिव्ह्यू.

कोणी घ्यावी मेंबरशिप? घरात जीसीएसई किंवा ए-लेव्हलचं पोर असेल तर डोळे मिटून घ्या, गाइडमध्ये मिळत नाही असं बरंच हाती लागतं, माझ्या लेकीचा निबंध त्या अर्ध्या इंचाच्या पायरीवर होता. कविता आवडणारे पण कवितेच्या कार्यक्रमांना घाबरणारे असाल तरी घ्या. वर्गणी जड नाही, दोघातिघांच्या एका सिनेमात संपतील त्यापेक्षा जास्त काही नाही.

कोणी घेऊ नये? ज्यांना म्युझियम हवंय, तिकीट, ऑडिओ गाइड, शेवटी कॉफीचे मग आणि फ्रिज मॅग्नेटचं दुकान, त्यांनी दुसरीकडे जा. हे माणसांनी माणसांसाठी चालवलेलं काम आहे आणि त्यात स्वतः थोडं चालावं, वाचावं लागतं. आणि एकाच कवीची संस्था आहे, तेव्हा सगळ्या महायुद्धाचा हिशोब तिच्याकडे मागू नका, आपल्या मराठा पलटणींचं मेसोपोटेमियात काय झालं ते वेगळं शोधावं लागेल, मी सध्या तेच करतेय.

एक गोष्ट मला विशेष पटली. ओवेनला सोयीचा करून टाकायचा मोह सहज होऊ शकतो. एका बाजूनं मिलिटरी क्रॉसवाला वीर, दुसऱ्या बाजूनं युद्धविरोधी संत. पण तो दोन्ही होता, देशासाठी मरणं गोड असतं या जुन्या थापेवर गॅसनं गुदमरणारा माणूस लिहून ठेवणाराही तोच, आणि बरा झाल्यावर आपल्या पोरांबरोबर परत आघाडीवर जाणाराही तोच. जर्नलमधे हे दोन्ही राहू देतात, कोपरे घासून गुळगुळीत करत नाहीत.

पाचपैकी पाच. रद्द झालेली गाडी आणि तो चहा वेगळ्या खात्यात.

पुढच्या वर्षीची वर्गणी मीच भरली, आणि लेकीनं ऑर्सचं पांढरं घर बघायचं म्हणून हट्ट धरलाय, बघू सुट्ट्या जुळल्या तर. मंकमूर रोडवर गेलात तर फोटो पलीकडच्या फुटपाथवरून काढा, माझ्या फोटोत त्या बिचाऱ्यांचा हिरवा कचऱ्याचा डबा अर्धा आलाय. तोच फोटो 'हे बघा माहीम' लिहून घरच्या ग्रुपवर टाकला, तर बाबांचा पाच मिनिटांत रिप्लाय, "कुठल्या गल्लीतलं? एल. जे. रोडला असलं घर राहिलंच नाही आता."