बीटल्स अँथॉलॉजी १ : पीट बेस्टसाठी घेतली, पैसे वसूल?

कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचो, त्यामुळे पीट बेस्टचं नाव निघालं की माझे कान टवकारतातच. रिंगोच्या आधीचा बीटल्सचा ड्रमर, ऑगस्ट १९६० ते ऑगस्ट १९६२ अशी दोन वर्षं वाजवलं आणि पहिली सिंगल बाजारात यायला सात आठवडे उरलेले असताना बाहेर. लोक लिहितात 'त्याने बँड सोडला'. सोडला कुठला, काढला त्याला. सोडून गेला तो कॉलिन हँटन, अगदी क्वारीमेनच्या, म्हणजे बीटल्सच्या आधीच्या बँडच्या दिवसातला, एका कार्यक्रमात पिऊन वाजवलं, परत येताना बसमध्ये भांडणं झाली आणि गडी आपले ड्रम्स घेऊन उतरला तो उतरलाच. मग टॉमी मूर, तो कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा, स्कॉटलंडचा एक दौरा करून वैतागला आणि परत कामाला लागला. म्हणजे 'ओरिजिनल ड्रमर' पण पीट नव्हेच, पण पैसा यायच्या तोंडावर गेला म्हणून नाव त्याचं झालं.

तर ही सीडी. दोन डिस्क, मिळून साठ ट्रॅक, १९९५ ला आलेली. मी सेकंडहँड घेतली साडेचारशेला, केसचं झाकण तडकलेलं आणि दुकानदार म्हणतो "गाणी तर वाजतात ना". वाजतात. दुकानाचं नाव जाऊ दे.

मला हवी होती पहिल्या डिस्कवरची दहा गाणी ज्यात पीट वाजवतोय. तीन जर्मनीतल्या हॅम्बुर्गची, जून १९६१, पाच डेक्का कंपनीच्या ऑडिशनची, १ जानेवारी १९६२, ज्यात त्यांना नापास केलं होतं, आणि दोन ईएमआय कंपनीची, ६ जून १९६२. बस्स, एवढंच. नेटवर लोक दोनच गोष्टी बोलतात, एक म्हणे पीटला वाजवताच येत नव्हतं आणि दुसरी म्हणे तो दिसायला जास्त हँडसम होता म्हणून बाकीचे जळायचे. म्हटलं आपणच ऐकून बघू की.

हॅम्बुर्गचं 'क्राय फॉर अ शॅडो' ऐका आधी. नुसतं वाजवलेलं, गाणारं कोणी नाही, आणि मला तरी मजा आली, स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, हात चांगला चालतोय, जोर आहे. बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मात्र जवळजवळ नाहीच, सांगतात की रेकॉर्डिंगवाल्यांनी तो काढूनच घेतला होता कारण पठ्ठ्याची लय चढायची. पण तिथल्या क्लबात रोज रात्री तासन्‌तास दारुड्यांच्या समोर वाजवायचं असेल तर पीटचाच ठेका लागतो, चारही मात्रांवर पायाने धाडधाड, हॉल हलला पाहिजे. गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही ढोलवाल्याला 'जरा हळू' म्हणत नाही तसंच ते.

डेक्काची पाच मी दोनदा ऐकून सोडून दिली. सगळेच घाबरलेत, एकट्या पीटला काय बोलायचं.

खरा मामला ट्रॅक बावीस, 'लव्ह मी डू'. हे रेकॉर्डिंग गेलं असंच सगळे धरून चालले होते, १९९४ मध्ये ईएमआयचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्या बायकोला घरातल्या कपाटात एक डिस्क सापडली म्हणून आपल्याला ऐकायला मिळतंय. हेडफोन लावून ऐका. सुरुवात ठीक, जरा जड. आणि मधल्या भागात आल्यावर पीट एकदम ठेकाच बदलतो, सरळ चाललेलं गाणं लंगडी घालायला लागतं, वेग पुढे पळतो आणि मग परत मूळ ठेक्यावर येताना सगळे एकमेकांना शोधतायत असं वाटतं. तबलजीने द्रुत सुरू केलं आणि गवय्या अजून विलंबितात, तसा प्रकार. मी माझ्या बायकोला ऐकवलं, तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तीसुद्धा म्हणाली "इथे काहीतरी पडलं का?"

म्हणजे वाजवताना चूक झालीये हे खरंय, मार्टिनने मॅनेजर ब्रायन एपस्टाईनला सांगितलं की रेकॉर्डिंगला मी बाहेरचा ड्रमर आणणार, हेही खरंय. पण त्याने 'याला काढा' असं सांगितलं नव्हतं, स्टेजवर कोणाला बसवायचं ते तुम्ही बघा असा मामला होता. आणि आता गंमत बघा, बावीसनंतर ट्रॅक तेवीस लागतो, ४ सप्टेंबरचा, त्यात रिंगो. मग चोवीस, ११ सप्टेंबरचा, आणि त्यात अँडी व्हाईट, भाड्याने आणलेला! तीन गाणी ओळीने, तीन ड्रमर. रिंगोचं वाजवणंही तेव्हा मार्टिनला पसंत नव्हतं, मग रिंगोला का नाही काढलं? म्हणून माझं मत, ड्रमिंग हे निमित्त. नुसतं वाजवण्याचंच असतं तर पीट स्टेजवर, व्हाईट स्टुडिओत, भागलं असतं.

खरं कारण सीडीवर ऐकू येत नाही. जॉन, पॉल आणि जॉर्ज हॅरिसन हे तिघे एकत्र दंगा करायचे, गोळ्या खाऊन रात्री जागायचे, केस पुढे घेतले, पीट यात कशातच नाही, वाजवून झालं की आपल्या वाटेने जायचा. रिंगो दोन-चारदा बदली म्हणून बसला आणि तिघांना कळलं की असा माणूस मागे असला की मजा येते. बँडमध्ये हे फार असतं हो. मलाही काढलं तेव्हा कारण 'टायमिंग' दिलं होतं, व्हॉट्सॅपवर, पण खरं तर मी प्रॅक्टिस संपली की थेट घरी जायचो, चहाच्या टपरीवर थांबायचोच नाही.

पीटला निदान समोरासमोर सांगितलं, १६ ऑगस्टला ऑफिसात बोलावून. पण सांगितलं एपस्टाईनने, तिघांपैकी एकही आला नाही. दोन वर्षं या पोरांना पीटच्या आईने स्वतःच्या तळघरातल्या क्लबात वाजवायला दिलं होतं (बाई जन्माने दिल्लीची, पीट मद्रासचा, १९४१). वर त्याच रात्रीचा कार्यक्रम तेवढा वाजवून दे म्हणाले! तो गेला नाही, बरं केलं.

कव्हरबद्दल बोलायलाच हवं. जुनी पोस्टरं फाडून एकावर एक चिकटवल्यासारखं चित्र आहे, त्यात हॅम्बुर्गच्या लेदर जॅकेटवाल्या फोटोत नेमकं पीटचं डोकं फाटलंय आणि भोकातून रिंगो दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो, नंतर वाईट वाटलं. ज्याची दहा गाणी घेतली त्याचंच मुंडकं उडवायचं? पण याच सीडीने त्याला तेव्हाच्या वाजवण्याचे नीट पैसे मिळाले, मधली वीस वर्षं तो लिव्हरपूलच्या रोजगार कार्यालयात नोकरी करत होता. आणि २००८ ला त्याने स्वतःच्या बँडचा अल्बम काढला त्याच्या कव्हरवर काय, तर तोच फाडलेला तुकडा, स्वतःच्या तोंडाचा. मानलं.

गाण्यांच्या मधे मधे बोलण्याचे तुकडे टाकलेत, ते दुसऱ्यांदा ऐकताना डोकं उठवतात, एक स्टार त्याचा कापला. आवाज जुना, मोनो, खरखर आहे, त्याची तक्रार नाही. दुसरी डिस्क चांगली आहे पण ती बीटल्सची आहे, माझ्या कामाची नाही. पाचपैकी चार. फक्त ड्रम्ससाठी घेत असाल तर पहिली डिस्क, बावीस ते चोवीस, हेडफोन लावून, एका दमात.