वायरने जोडलेला चार कॅमेऱ्यांचा संच: मेगापिक्सेलपेक्षा लेन्स महत्त्वाची

घरासाठी सुरक्षा कॅमेरे घ्यायचे म्हटले की विक्रेत्याचे बोलणे मेगापिक्सेलपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. चार मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, एक रेकॉर्डर आणि दोन टेराबाइटची हार्ड डिस्क असा वायरने जोडायचा संच काही महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की संच चांगला आहे, परंतु त्याची उपयुक्तता लेन्सवर आणि कॅमेऱ्याच्या जागेवर अधिक अवलंबून आहे.

संचासोबत २.८ मिलिमीटरची लेन्स येते. तिच्यातून आडवे सुमारे शंभर अंशांचे दृश्य दिसते, त्यामुळे सगळे अंगण एका चौकटीत मावल्याचे समाधान मिळते. मात्र अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता यावा यासाठी दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल असावेत, असा दंडक या क्षेत्रात मानला जातो. चित्र २५६० पिक्सेल रुंद असेल, तर हा हिशेब साधारण दहा मीटर रुंदीच्या दृश्यापर्यंतच जमतो आणि या लेन्समध्ये तेवढी रुंदी कॅमेऱ्यापासून चार-सव्वाचार मीटरवरच भरते. त्यापलीकडे कोणीतरी आले एवढे कळते, कोण आले ते कळत नाही. म्हणून फाटकाकडचा कॅमेरा मी ४ मिलिमीटरच्या लेन्सचा मागून घेतला. दृश्य अरुंद झाले, पण चेहरा सहा मीटरपर्यंत ओळखू येतो. हा पर्याय विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही, हे विशेष.

रात्रीचे चित्रण हा खरा कस. कॅमेऱ्याच्या शेजारीच भिंत किंवा छपराची कड असेल, तर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश तिच्यावरून परततो आणि चित्रावर पांढरट धुके पसरते. लेन्ससमोर कोळ्याने जाळे विणले तरी हाच परिणाम होतो, शिवाय ते हलले की मोबाइलवर सूचनांचा भडिमार सुरू होतो. याहून मोठी अडचण शटरची आहे. अंधारात कॅमेरा आपोआप शटर मंद ठेवतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ प्रकाश घेतो, त्यामुळे स्थिर दृश्य सुरेख दिसते आणि चालणारा माणूस अस्पष्ट, फरफटलेला दिसतो. सेटिंगमध्ये शटरची मर्यादा ठरवून देता येते आणि चित्र थोडे काळवंडले तरी ती ठरवावीच. फाटकाजवळ एक साधा दिवा रात्रभर लावल्याने जो फरक पडला, तो अधिक मेगापिक्सेलने पडला नसता.

वायरिंगला मी पूर्ण गुण देईन. वीज आणि चित्र दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून शंभर मीटरपर्यंत जातात, तर वायफायच्या बहुतेक कॅमेऱ्यांनाही विजेची वायर लागतेच. रेकॉर्डरला एक यूपीएस जोडला की वीज गेल्यावरही चारही कॅमेरे चालू राहतात. केबलचा जोड मात्र जलरोधक डबीत असावा, कारण आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा कॅमेऱ्याला असतो, बाहेर लोंबणाऱ्या जोडाला नव्हे.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गीगाबाइट भरतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांचे अखंड चित्रण या डिस्कवर अकरा दिवस राहते. चित्रण कमी जागेत साठवणारी एच.२६५ ही पद्धत निवडल्यास मुदत बरीच वाढते.

मोबाइलवरचे ॲप ही या संचाची पडती बाजू आहे. झाडाच्या सावलीनेही ते सूचना पाठवते. केवळ माणूस दिसल्यावर सूचना देण्याची सोय सुरू केल्यावर त्रास कमी झाला, संपला नाही. रेकॉर्डरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि दुरून पाहण्यासाठी राउटरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडू नये. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत असेल, तर तेवढा भाग झाकण्याची सोय आहे आणि ती चोख चालते.

स्वतःचे घर असून भिंतीतून केबल नेण्याची तयारी असेल, तर हा संच जरूर घ्यावा. भाड्याच्या घरात बॅटरीवरचा एखादा कॅमेरा अधिक सोयीचा.