बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय
महिनोन्महिने परदेशी समुद्रात राहणाऱ्या युद्धनौकेवरील जीवनाविषयी ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो येथे १९९८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय अवश्य पाहावे. आवारातील सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने एके काळी विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवरून उडत. १९७१ च्या युद्धात सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले होते. मला मात्र सर्वाधिक खिळवून ठेवले ते दुमडता येणाऱ्या पंखांनी. डेकखालच्या हँगरमध्ये तसूभर जागाही वाया घालवणे परवडत नसल्यामुळे विमानांनाही अंग चोरून राहावे लागे. हे ध्यानात आले की एकावर एक रचलेल्या अरुंद बंकांत झोपणाऱ्या आणि रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा देणाऱ्या नौसैनिकांविषयीचा आदर दुणावतो. सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचे टेहळणी विमान भव्य आहे, पण ते किनाऱ्यावरील तळावरून उडणारे. नौकाजीवन समजून घ्यायचे असेल, तर आतील विक्रांत आणि विराटच्या मोठ्या प्रतिकृतींसमोर निवांत थांबावे. मुलांना नेणाऱ्यांनी दुपारचे ऊन टाळावे, कारण विमाने उघड्यावर आहेत.