एका दिवसाचा खडकाळ समुद्र: मुरुड-जंजिरा की हरिहरेश्वर?

धुळे-जळगावकडच्या माणसाला केवळ समुद्र पाहायचा असेल, तर सुरतेची वाट सर्वांत सोपी आहे. भुसावळहून अमळनेर, नंदुरबारमार्गे जाणारी रेल्वे थेट सुरतेला पोहोचते आणि तिथून डुमस गाठले की आपली तापी जिथे समुद्राला मिळते, त्या परिसरात आपण उभे असतो. परंतु तो किनारा सपाट, काळसर वाळूचा आणि बराचसा चिखलाचा आहे. ज्यांना काळ्या कातळावर आपटणारे पाणी हवे आहे आणि थोडी धडपड करण्याचीही तयारी आहे, त्यांना कोकणाकडेच वळावे लागते. शनिवारी रात्री निघायचे, रविवार किनाऱ्यावर घालवायचा आणि सोमवारी पहाटे घरी परतायचे, असा बेत आखणाऱ्या खान्देशी मंडळींची चर्चा बहुधा मुरुड-जंजिरा आणि हरिहरेश्वर या दोन नावांवर येऊन अडते. दोन्ही ठिकाणी मी याच पद्धतीने गेलेलो आहे आणि पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. कोणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

वडखळपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत. मालेगाव, नाशिक, इगतपुरी, पनवेल, पेण हा क्रम ठरलेला आहे आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाऐवजी सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून जाण्याची सोय झाली आहे. वडखळला अलिबागचा फाटा घेतला की रेवदंडा, कोर्लई, मुरुड. सरळ गेले की माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. दुसऱ्या वाटेला दीड तास तरी जास्त लागतो. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या रखडण्याची कीर्ती आपल्याकडेही पोहोचलेली आहे, त्यामुळे या वाटेवर वेळेचा हिशेब नेहमी सैल ठेवावा. अंतराच्या निकषावर मुरुड निर्विवाद सरस ठरते. चालक एकच असेल आणि तोच रात्रभर गाडी हाकणार असेल, तर हा फरक किरकोळ मानू नये.

मुरुडच्या बाजूला पाहण्यासारखेही अधिक आहे. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला, सिद्दींच्या ताब्यात राहिलेला आणि मराठ्यांना अखेरपर्यंत न मिळालेला जंजिरा, त्याला शह म्हणून जवळच्याच कासा बेटावर उभारलेला पद्मदुर्ग आणि अलीकडे कोर्लई. कोर्लईचा किल्ला कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात शिरलेल्या अरुंद डोंगरसोंडेवर आहे, 1594 मध्ये तो पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून जिंकून घेतला आणि त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगिजांच्या भाषेतून उपजलेली एक बोली घरोघरी बोलली जाते. खाली दीपगृह, वर तटबंदी आणि दोन्ही बाजूंना पाणी, असे दृश्य हरिहरेश्वरला नाही. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला मी इथेच थांबवीन आणि मुरुडला जा म्हणून सांगेन.

माझी अडचण इतिहासाशी नाही, होडीशी आहे. जंजिऱ्याला जाण्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी घ्यावी लागते. रविवारी तिथे तिकिटासाठी रांग असते, मग होडी भरेपर्यंत थांबणे असते आणि किल्ल्याच्या दाराशी आल्यावर आधीच्या होडीतील माणसे उतरेपर्यंत पाण्यावर डुलत राहणे असते. लाट वर आली की पायरीवर पाऊल टाकायचे, हा प्रकार खरोखर मजेचा आहे. परंतु ती मजा संपता संपता सूचना मिळते की पाऊण तासात दाराशी परत या. बावीस एकरांचा किल्ला, त्यातली गोड्या पाण्याची तळी, कलालबांगडी तोफ, तटावरची फेरी, हे सारे त्या पाऊण तासात बसवायचे असते. रात्रभर सुमारे 400 किलोमीटर प्रवास करून आलेला माणूस मग मनगटावरचे घड्याळ पाहत किल्ला पाहतो. यात होडीवाल्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण एवढ्या गर्दीत त्यांनी दुसरे काय करावे, हे मलाही सुचत नाही. परंतु रांग किती असेल, होडी केव्हा भरेल आणि वाऱ्यामुळे फेऱ्या मंदावतील की काय, यांपैकी एकही गोष्ट घरून निघताना कळत नाही, आणि एकाच दिवसाच्या सहलीत ही अनिश्चितता मला फार महाग वाटते. पावसाळ्यात तर होड्या बंदच असतात.

होडी टाळून केवळ कोर्लई करावे, असा तोडगा काही जण सुचवतात आणि तो वाईट नाही. तरीही कोर्लई हा शेवटी पायऱ्यांचा किल्ला आहे. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याची चढण ज्यांच्या ओळखीची आहे, त्यांना यात नवे काही नाही; तिथे वरून समुद्र दिसतो खरा, पण तो खालीच राहतो.

हरिहरेश्वरला समुद्र पायाशी येतो. सावित्रीच्या मुखाजवळ हे देवस्थान आहे. मंदिरामागून प्रदक्षिणेच्या वाटेने थोडे चढले की दोन कातळभिंतींच्या अरुंद फटीतून उतरणाऱ्या पायऱ्या लागतात आणि त्या संपल्या की आपण थेट लाटांनी कापून सपाट केलेल्या कातळाच्या ओट्यावर येतो. हा दगड आपल्या परिचयाचाच आहे, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांमध्ये आढळणारा ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट. मात्र इथे खारे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरते, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात, कण सुटत जातात आणि शतकानुशतकांच्या या क्रियेने उभ्या कड्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार झाली आहे. ओट्यावरच्या डबक्यांत लहान खेकडे आणि शंख हालचाल करत असतात. ही वाट एरवी तासाभराची आहे. मला मात्र तिथे अर्धा दिवसही अपुरा वाटतो.

अर्थात इथेही घड्याळ आहेच, आणि ते अधिक कठोर आहे. भरतीला ही प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली जाते. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना इथे घडल्या आहेत. गिरणेत किंवा पांझरेत पोहायला शिकलेल्या माणसाने त्या पोहण्याचा भरवसा इथे धरू नये, कारण कातळावर आपटून परतणारे पाणी कोणालाही पोहायची संधी देत नाही. परंतु हे घड्याळ घरबसल्या वाचता येते, आणि माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहावी आणि तिच्या अंकाची पाऊणपट करावी; जो आकडा येतो, ती साधारणपणे पूर्ण भरतीची वेळ असते आणि तिच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊला. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि भरती नेमकी दुपारी येते, तेव्हा ते रविवार आमच्यासारख्या सकाळी पोहोचणाऱ्यांनी सोडून द्यावेत. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असल्यामुळे ते फार उतरत नाही, म्हणून मला पंचमी-षष्ठी अधिक सोयीची वाटते. असा रविवार महिन्यातून एखाददुसराच मिळतो, हे मान्य केले पाहिजे. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक, एवढाच काळ मी कातळावर उतरण्यासाठी धरतो, आणि हा हिशेब ठोकळ असल्यामुळे मंदिराजवळ स्थानिकांना विचारल्याशिवाय पायऱ्या उतरत नाही.

दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह काहींना होतो, कारण आगरदांडा ते दिघी गाडीसह फेरीबोटीने खाडी ओलांडता येते आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर गाठता येते. वाट सुरेख आहे, परंतु ती मुक्कामी सहलीची आहे. एका दिवसात हा खटाटोप केल्यास किनारा गाडीच्या काचेतूनच पाहावा लागेल.

सोबत आई-वडील किंवा लहान मुले असतील, तर मी स्वतःही मुरुडच निवडीन, कारण तिथे रस्ता कमी आहे, पुळण मोठी आहे आणि जंजिरा किनाऱ्यावरूनही दिसतो. मंडळी पायाने घट्ट असतील, गाडीला दोन चालक असतील आणि तिथी अनुकूल असेल, तर मात्र हरिहरेश्वरकडे झुकावे, असे सुचवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस तिथल्या दमट हवेत लवकर थकतो. शेवाळलेल्या कातळावर चप्पल टिकत नाही, त्यामुळे खाचांचे तळ असलेले बूट घालावेत. न्याहारीसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घरूनच बांधून घ्यावा, म्हणजे पोहोचल्यावर खाणावळ शोधण्यात ओहोटी वाया जात नाही; जेवण पाणी चढू लागल्यावर निवांत करता येते. परतीला मात्र दुपारी तीनच्या आत गाडी हलवावी, कारण रविवारच्या संध्याकाळी मुंबई-पुण्याची सारी वाहने माणगावातूनच जातात.