ग्रिन्योलीनो द'आस्ती: दहा महिन्यांनंतर, आणि त्या एका कुबट बाटलीबद्दल

ग्रिन्योलीनो द'आस्ती ही इटलीतल्या आस्ती भागातली, ग्रिन्योलीनो नावाच्याच द्राक्षाची फिकी लाल वाइन. हिची एक बाटली कुबट निघाली म्हणून दुकानाला तक्रार लिहिली होती. परवा त्यांचं उत्तर आलं, म्हणून लिहायला बसले. 'ग्रिन्योलीनो अशीच असते. रंग फिका आणि वासही वेगळा. बाटली परत घेता येणार नाही.'

ग्रिन्योलीनो कशी असते हे मला आता चांगलं कळतं. नोव्हेंबरपासून आमच्या तोरिनोच्या (म्हणजे ट्युरिनच्या) घरात हिच्या अठरा बाटल्या उघडल्या, आम्ही दोघं आणि येणारे-जाणारे मिळून. सतरा चांगल्या निघाल्या. अठरावीला पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. हा बुचाचा दोष. बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्याने वाइन अशी बिघडते, कुठलीही बिघडते, त्यात द्राक्षाचा काही गुन्हा नाही. साडेनऊ युरो गेले याचं वाईट वाटतंच. पण जास्त राग येतो तो दुकानाने बुचाचा दोष द्राक्षाच्या माथी मारल्याचा. पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाने हे उत्तर खरं मानलं असतं आणि पुन्हा हिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

कारण रंगाने ही वाइन आधीच माणसाला गोंधळात टाकते. पहिली बाटली ओतली तेव्हा पेल्यामागे पावती धरली, तर आकडे सहज वाचता आले. जास्त पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखा लाल, कडेला नारिंगी झाक. मागच्याच हंगामाची असूनही मला ती जुनी, उतरलेली वाटली. हलकी आहे तर गारच प्यावी, म्हणून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली होती. घोट घेतला आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ ओढली गेली. सोबत टोमॅटोचा आंबट पास्ता. वहीत लिहून ठेवलं: 'तुरट. पुन्हा नको.' पण सहाचा खोका घेतला होता, आणि पैसे मोजून आणलेली वस्तू मी टाकून देत नाही.

मत बदललं ते जानेवारीत, शेजाऱ्यांकडे बान्या काउदा होती तेव्हा. लसूण आणि अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवून केलेलं, खाली मेणबत्ती लावलेल्या मातीच्या भांड्यात गरम ठेवलेलं ते तेल. त्यात भाजलेली सिमला मिरची, कोबीची पानं, उकडलेला बटाटा बुडवून खायचा. चार घासांनंतर टाळूला तेलाचा थर बसतो. मी खोक्यातली एक बाटली नेली होती, ती फ्रिजमध्ये न ठेवता बाल्कनीजवळच्या थंड कोपऱ्यातून उचललेली. एका घोटात टाळू स्वच्छ झाली आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागला. जो तुरटपणा मला नकोसा होता, तोच इथे काम करत होता.

तेव्हापासून मला त्या तुरटपणाचंच वेड लागलं. सप्टेंबरात आस्तीजवळच्या टेकड्यांवर एका छोट्या उत्पादकाकडे गेलो. त्याने द्राक्षाचा एक मणी माझ्या तळहातावर चिरडला, गर बाजूला सारला आणि बिया मोजून दाखवल्या: चार. तिथल्या बोलीत बियांना 'ग्रिन्योले' म्हणतात, नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. सालीत रंग थोडा, बियांत तुरटपणा भरपूर. म्हणून साल-बिया रसात फार दिवस ठेवत नाहीत, नाहीतर बिया सगळ्यावर मात करतात. शिवाय एकाच घोसात काही मणी पिकलेले, काही अर्धे कच्चे. इतकं नखरेल पीक माणसं अजून लावतात, याचं मला कौतुक वाटतं.

आता जेवणाबद्दल. तेल, तूप, चरबी आणि मीठ हवं. इथल्या सलामीबरोबर उत्तम. रोबियोला दि रोक्काव्हेरानो हे त्याच भागातलं शेळीच्या दुधाचं चीज, त्याच्याबरोबर तर फारच छान. कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्स्लेच्या हिरव्या चटणीतल्या अँचोव्हीही जमतात. वितेल्लो तोन्नातोची, म्हणजे ट्यूना माशाच्या सॉसमधल्या वासराच्या मांसाच्या कापांची, जोडी इथे सगळे सांगतात, पण आम्ही वासराचं मांस खात नाही. घरच्या पदार्थांपैकी कांदाभजी आणि लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, दोन्हीला दहापैकी दहा. ठेचा मात्र ताटातून बाजूला ठेवा. तिखटाने तुरटपणा बोचरा होतो; कोल्हापुरी रश्श्याबरोबर तर वाइन आणि रस्सा दोन्ही वाया गेले.

गार किती, यावर मी आता ठाम आहे: चौदा-पंधरा अंश. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं फ्रिज, बस्स. रात्रभर ठेवलीत तर वास मिटतो आणि नुसता तुरटपणा उरतो. वास मिटू देऊ नका, त्यात स्ट्रॉबेरी आहे आणि मागे पांढऱ्या मिऱ्याची चुणूक.

'मोन्फेराचे' नावाने हिचीच चाळीस महिने मुरवलेली, त्यातले किमान चोवीस लाकडात, अशीही वाइन मिळते. त्या उत्पादकाकडे घोटभर चाखली. तुरटपणा तसाच, पण रेशमासारखा. किंमत तिपटीच्या वर, त्यामुळे बाटली घेतली नाही. दिवाळीला एक घेईन.

दुकानाला पुन्हा लिहिलंय, बूच आणि उरलेली अर्धी बाटली जपून ठेवली आहे हेही कळवलंय. पुढचा खोका मात्र थेट त्या उत्पादकाकडून, ट्रेनने जाऊन आणणार. त्याच्याकडे आठ युरोंना आहे, आणि बिघडलेली बाटली तो बदलून देतो.