वस्तऱ्याची धार ग्रॅममध्ये मोजणारे यंत्र: घ्यावे की केसावरच भागवावे?

पाजवलेला वस्तरा दाढीला तयार झाला की नाही, हे ठरवायला कुणी केस धरतो, कुणी अंगठा टेकवतो, कुणी सरळ गालाला लावून बघतो. एज ऑन अप कंपनीची पीटी५० मालिकेतली यंत्रे हाच निकाल आकड्यात देतात. आकडा खरा असतो, पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि वस्तऱ्याच्या बाबतीत प्रश्न निदान तीन असतात. त्यामुळे सुऱ्या-चाकूंसाठी हे यंत्र जितके कामाचे, तितके वस्तऱ्यासाठी नाही. तरीही एका कामात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, ते पुढे येईलच.

रचना साधी आहे. खाली छोटा डिजिटल काटा, त्यावर एक क्लिप, आणि क्लिपच्या दोन टोकांमध्ये ताणलेला ठरावीक जाडीचा कृत्रिम धागा. पाते धाग्यावर आडवे टेकवायचे आणि सावकाश दाब वाढवत न्यायचा. धागा तुटतो त्या क्षणी किती ग्रॅम भार होता, तो आकडा पडद्यावर थांबतो. आकडा जितका लहान, तितकी धार तेज. या मापाला बेस म्हणतात. दाढीचे साधे दुधारी ब्लेड त्यावर ५०च्या आसपास येते, स्वयंपाकघरातली चांगली नवी सुरी १५० ते २५०च्या दरम्यान, आणि लोणी लावायची बोथट सुरी थेट २०००कडे जाते. वस्तऱ्याने ब्लेडच्या बरोबरीला किंवा त्याच्या खाली यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

चुका होतात त्या हातामुळे. पाते सरळ खाली न्यायच्या ऐवजी किंचित पुढेमागे सरकले की ते करवतीसारखे चालते आणि आकडा फसवा कमी येतो. वस्तऱ्यात हे फार सहज होते, कारण पाते मुठीच्या बिजागरीवर हलते आणि नुसते शेपटीला, म्हणजे बिजागरीमागच्या टोकाला, धरले तर टोक डगमगते. म्हणून मूठ मागे पूर्ण उघडून पात्याची मान अंगठा आणि दोन बोटांत घट्ट धरायची, कोपर टेबलावर टेकवायचे आणि पाते धाग्याला काटकोनात ठेवायचे. घाई केली, पाते धपकन खाली आले, तर काटा धक्क्याचा भारही मोजतो आणि आकडा विनाकारण वाढतो. दाब शून्यापासून तुटेपर्यंत न्यायला तीन-चार सेकंद द्यावेत. धागा सैल बसला असेल तर तो तुटण्याआधी खाली झुकतो आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. खर्च वाचवायला मासेमारीचा धागा लावणारेही आहेत. दोन वस्तऱ्यांची आपसात तुलना तेवढ्यावर निभते, पण तो आकडा बेसचा राहत नाही. पात्यावर तेल किंवा दगडाचे पाणी राहिले असेल तर आधी टिपून घ्या, आणि ते पाठीकडून धारेकडे पुसा.

वर म्हटलेले काम म्हणजे हेच: पूर्ण धार सारखी आहे का, हे शोधणे. एका ठिकाणी मोजून काहीच कळत नाही. मुठीकडची बाजू, मध्य आणि टोक अशा तिन्ही जागी, प्रत्येक जागी दोन-दोन मिलिमीटर सरकवून तीन वेळा मोजा. मध्यात ५०, टोकाला ९० असे आले तर दोष बारीक दगडाचा नाही. १००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा; तो जितका मोठा, तितका दगड बारीक) बेव्हलच, म्हणजे धारेलगतचा दोन्ही बाजूंचा उतार, टोकापर्यंत पोहोचलेले नाही, आणि १२०००वर कितीही फिरवले तरी ते भरून येणार नाही. पाते किंचित पिळलेले असेल किंवा धारेला हसऱ्या ओठासारखी गोलाई असेल, तर हा फरक हमखास दिसतो. केसाच्या चाचणीत तोच फरक ‘इथे जरा कमी चालतोय’ एवढाच जाणवतो आणि माणूस स्वतःची समजूत घालून पुढे जातो. यंत्र समजूत घालू देत नाही.

आता उणी बाजू. दगडावर जास्त दाब दिला किंवा एकाच बाजूने जास्त फिरवले की धारेवर पत्र्यासारखी पातळ झालर येते. तिला बर म्हणतात. ही झालर धागा झटकन तोडते, आकडा सुरेख येतो, आणि पहिल्या गालाला लावताच ती वळते किंवा तुटते. मग चेहऱ्याची आग होते ती वेगळीच. यंत्राला बर आणि खरी धार यातला फरक एका मोजमापात कळत नाही. दोन मोजमापांत मात्र पकडता येतो: दगडावरून उतरताच मोजा, मग चामड्याच्या कोऱ्या पट्ट्यावर दहा-पंधरा फेऱ्या मारा, पाठ आधी टेकलेली, पट्टा ताणलेला, आणि पुन्हा त्याच जागी मोजा. धार निकोप असेल तर आकडा थोडा उतरतो किंवा तसाच राहतो. तो चढला तर दोन शक्यता: झालर तुटली, किंवा पट्टा झोळ देत असल्यामुळे धार वळली. दुसरी शक्यता आधी तपासा. पट्टा ताणून पुन्हा फिरवणे स्वस्त, दगडावर परत जाणे महाग.

त्वचेला धार कशी लागेल, हेही आकडा सांगत नाही. खरखरीत दगडावरची धार आणि नीट गुळगुळीत केलेली धार धागा तोडताना जवळपास सारख्या भारात तोडू शकतात, पण पहिली गालावर ओरखडते. इथे केस लागतो.

केसाची चाचणी लोक बेफिकिरीने करतात आणि मग तिच्या नावाने बोटे मोडतात. केस डोक्याचा, शॅम्पूने धुतलेला, वाळलेला हवा. तेलकट केस धारेवरून घसरतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉनमध्ये कुठेही असते, त्यामुळे आज एकाचा आणि उद्या दुसऱ्याचा केस घेतला तर तुलना संपली. एकाच डोक्याच्या दहा-बारा केसांची जुडी कागदात ठेवा आणि कोणते टोक मुळाचे ते खूण करा. केसावरच्या खवल्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. म्हणून शेंडा चिमटीत धरून मुळाकडचे टोक मोकळे सोडले तर धार खवल्यात अडकते आणि चाचणी सोपी होते. मूळ चिमटीत धरले तर तोच केस अवघड परीक्षा घेतो. दोन्ही मान्य, फक्त प्रत्येक वेळी एकच पद्धत ठेवा. पाते धार वर करून स्थिर धरा, केस चिमटीपासून एक ते दीड सेंटिमीटरवर धारेला टेकेल असा खाली आणा आणि कान द्या. नुसता सारंगीसारखा घासल्याचा आवाज आला आणि केस तुटला नाही, तर काम बाकी आहे. केस उभा चिरला तर थोडेच उरले आहे. क्षणभर अडकून टिचकी वाजल्यासारखा तुटला तर दाढी होईल. स्पर्श होताच निःशब्द गळून पडला तर त्यापुढे काही करायची गरज नाही, फक्त ती झालरीची करामत नाही ना, एवढे पट्ट्यावर फिरवून पुन्हा पाहा.

बाकीच्या चाचण्यांना आपापली वेळ असते. नखाची चाचणी फक्त १००० ग्रिटनंतर: ओल्या नखावर धार वजनाशिवाय ओढली तर सर्वत्र सारखी चावली पाहिजे, घसरली तर बोथट, खटकन अडकली तर तिथे खाच. बारीक दगडांनंतर ही चाचणी केली तर मेहनतीने आणलेली धार नखावरच खर्च होते. हातावरचे केस १००० ग्रिटनंतर कातडीलगत निघावेत. ८०००नंतर कातडीपासून पाच-सहा मिलिमीटर वर हवेतच छाटले जावेत. अंगठ्याचे पेर टेकवून चिकटपणा जोखणे अनुभवी हातांनाच जमते, नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

३० पटीचे भिंग मात्र यंत्राच्या आधी विकत घ्या. धार थेट दिव्याकडे रोखून पाहिली की निकोप धार काळी रेघ दिसते. चमकणारा ठिपका म्हणजे बोथट भाग किंवा खाच, कारण उजेड परत फिरवायला तिथे सपाटी शिल्लक आहे. बाजूने पाहताना दगडाचे ओरखडे धारेच्या अगदी कडेपर्यंत गेलेले दिसले पाहिजेत.

घरात एकच वस्तरा असेल तर हे यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड. केसांची जुडी आणि भिंग पुरते. दुसऱ्यांचे वस्तरे पाजवून देणाऱ्याने, जुनी पाती दुरुस्त करणाऱ्याने किंवा दोन दगडांतला फरक खरोखर तपासू पाहणाऱ्याने ते जरूर घ्यावे; गिऱ्हाइकाला तीन जागांचे तीन आकडे लिहून देता येतात, ही सोय दुसरी कुठलीच चाचणी देत नाही. खरेदी करताना काट्याचा आकडा किती ग्रॅमने सरकतो ते आधी पाहा. ५० आणि ६० मधला फरक वस्तऱ्याला मोठा असतो, पाच-पाच ग्रॅमने उडणारा काटा तो अंदाजेच दाखवतो. धागा किंवा तयार क्लिपा संपत राहतात, एका वस्तऱ्याच्या पूर्ण तपासणीत नऊ तरी मोजमापे होतात, तेव्हा तो चालू खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच हिशेब करा.